गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली सिरिंज किरणोत्सर्गी होते का?

प्रश्न:
सिरिंज, हातमोजे अशा अनेक वैद्यकीय वस्तूंच्या वेष्टनावर त्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्याचे नमूद असते. जंतूंना मारणारे हे किरण वस्तूत मागे राहत नाहीत का, आणि राहत असतील तर अशी सुई टोचून घेणे कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद १:
मागे काहीही राहत नाही. वस्तू किरणोत्सर्गी होण्यासाठी तिच्या अणूंच्या केंद्रकातच बदल व्हावा लागतो. या कामी बहुधा वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांची ऊर्जा ११.७ लाख आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. नेहमीच्या कार्बनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला याच्या दहापटीहून अधिक ऊर्जा लागते. अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे करायला मात्र कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा पुरेशी असल्याने जंतूंचा डीएनए तुटतो. काही प्लास्टिक यामुळे पिवळट किंवा ठिसूळ होते खरे, पण तो निव्वळ रासायनिक बदल आहे.

प्रतिसाद २:
किरण पडणे आणि किरणोत्सर्गी द्रव्य अंगाला लागणे या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे रिकाम्या पडलेल्या उपचारकेंद्रातून नेलेल्या यंत्रातील सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याची कुपी भंगारवाल्यांच्या हातून फुटली. अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी लोकांनी कुतूहलाने घरी नेली, काहींनी अंगालाही चोळली, आणि त्यात चौघांचा मृत्यू झाला. तिथे द्रव्यच पसरले होते. सिरिंजवर फक्त किरण पडतात, कोबाल्ट बंद धातूच्या नळ्यांतच राहतो.

प्रश्नकर्ता:
मग त्या कोबाल्टजवळ काम करणाऱ्यांचे काय?

प्रतिसाद १:
खरा धोका तिथेच आहे, कारण हा स्रोत कळ दाबून बंद करता येत नाही. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ५.२७ वर्षे असते आणि त्यानंतरही निम्मे अणू शिल्लकच असतात. म्हणून जाड काँक्रीटच्या खोलीत माणूस जाण्यापूर्वी हा स्रोत खोल पाण्याच्या टाकीत उतरवला जातो, आणि तो वर असेपर्यंत दार उघडू नये अशी यंत्रणा बसवलेली असते. १९८९ साली एल साल्व्हादोर देशातील सान साल्व्हादोर येथील अशाच वैद्यकीय वस्तूंच्या केंद्रात स्रोत वरच अडकला असताना तिघे जण आत गेले. त्यांतील एकाचा पुढे मृत्यू झाला. त्यामुळे दिव्यांच्या इशाऱ्यावर विसंबून न राहता प्रत्येक वेळी किरणमापक हातात घेऊनच आत पाऊल टाकायचे असते.