बोअरच्या पाण्यात खतं कालवली की पांढरा साका बसतो, आणि पीएच रोज वर चढतो

ओलावा
पुणे, उंड्री. गच्चीवर एनएफटीचे (मातीशिवाय, मुळांखालून खताचं पाणी फिरवत ठेवायची पद्धत) सहा पाइप, खाली १०० लिटरची टाकी. लेट्यूस, पालक, बेसिल. सोसायटीत महापालिकेचं पाणी नाही, बोअर आणि अधूनमधून टँकर.

पाण्याचा लॅब रिपोर्ट: पीएच ८.१, ईसी (क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता) ०.९५, एकूण अल्कलिनिटी (आम्ल मारायची पाण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) ३२०, एकूण हार्डनेस (जडपणा) ३८०, कॅल्शियम ८४, मॅग्नेशियम ४१, सोडियम ५५, क्लोराइड ७० (पीएच आणि ईसी सोडून सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर).

कृती अशी: २० लिटरच्या बादलीत १०० ग्रॅम १९:१९:१९ (नत्र-फॉस्फरस-पालाशाचं खत), ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, थोडं ईडीटीए आयर्न (लोहाचं खत). ढवळून टाकीत ओतते आणि टाकी नळाच्या पाण्याने भरते. बादलीतच पाणी ताकासारखं होतं, तासाभरात तळाशी साका. लिंबूसत्वाने पीएच ५.८ वर आणला तर दुसऱ्या सकाळी ७.४. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात.

पाणी रात्रभर उघडं ठेवून आणि तुरटी फिरवून पाहिलं, काही फरक नाही. पाणी जड आहे म्हणून हे होतंय का?

खडकपाणी
उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्षार नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेलं कॅल्शियम त्याने जात नाही, बायकार्बोनेटही अगदी थोडंच, वर थोडं ॲल्युमिनियम मात्र पाण्यात येतं. दोन्ही बंद करा.

आधी दोन गोष्टी सांगा. लॅबचा नमुना कुठल्या नळाचा होता? आणि सोसायटीत सॉफ्टनर आहे का?

ओलावा
नमुना पंपरूममधल्या बोअरच्या नळाचा. सॉफ्टनर आहे, त्यासाठी दर आठवड्याला मिठाच्या गोण्या येतात. गच्चीवरच्या नळाला सॉफ्टनरमधून आलेलं पाणी. बाथरूमच्या नळांवर पांढरे डाग पडत नाहीत, हे आत्ता लक्षात आलं.

खडकपाणी
म्हणजे रिपोर्ट एका पाण्याचा आणि खत कालवताय दुसऱ्याच पाण्यात.

मिठाचा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. हार्डनेस ३८० म्हणजे लिटरमागे ७.६ मिलिइक्विव्हॅलंट (विद्युतभारावरून मोजायचं एकक, हार्डनेस भागिले ५०). तेवढंच सोडियम धरलं तर ७.६ × २३ = १७५ मिलिग्रॅम. मूळचं ५५ मिळवा, झालं २३०. कपडे धुवायला हे पाणी उत्तम, पण फिरत्या पाण्यातल्या पिकाला नाही. झाड सोडियम फारसं उचलत नाही, त्यामुळे पाणी कमी होत जातं तसं ते टाकीत साठत जातं. कडा करपण्यामागे याचाही हात आहे.

आता साक्याचं. गच्चीवरच्या नळात कॅल्शियम जवळजवळ उरलेलंच नाही, तरी बादली पांढरी होते. तेव्हा दोष हार्डनेसचा नाही. सॉफ्टनर अल्कलिनिटीला हात लावत नाही, ती ३२० ची ३२०. त्यात तुम्ही ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकता, म्हणजे २० लिटरमध्ये लिटरमागे साधारण ५६० मिलिग्रॅम कॅल्शियम. बाजूला १९:१९:१९ मधला फॉस्फेट, पीएच ८ च्या आसपास. कॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट दोन्ही बसायला एवढं पुरे. शुद्ध आरओच्या पाण्यातही इतक्या घट्ट मिश्रणात फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र घालणं चूकच. सल्फेटचंही तेच: घट्ट द्रावणात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तयार होतं, आणि ते लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅमच विरघळतं.

साका कशाचा ते बघायचं असेल तर वरचं पाणी ओतून द्या आणि चमचाभर साक्यावर व्हिनेगर घाला. फसफसला तर कार्बोनेट. न फसफसता हळूहळू विरघळला तर बहुतेक फॉस्फेट. ढिम्म राहिला तर जिप्सम. तुमच्याकडे पहिले दोन मिळून असतील असा अंदाज.

त्या साक्यात तुमचं कॅल्शियम आणि फॉस्फरस अडकलंय. लेट्यूसच्या आतल्या पानांपर्यंत कॅल्शियम मुळातच कमी पोचतं, म्हणून कडा आधी तिथे जातात. पिवळेपणा लोहाचा. पीएच ६.५ च्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड सुटायला लागते. डीटीपीए साधारण ७ पर्यंत टिकतं, ईडीडीएचए त्याच्याही बरंच वर. पण महागडं चिलेट (लोह धरून ठेवणारं असं संयुग) हा यावरचा उपाय नव्हे, आधी अल्कलिनिटी उतरवा.

क्षारपड
वरच्याशी सहमत. पीएच रोज का चढतो, त्यात भर घालतो.

पीएच म्हणजे आत्ताचा आकडा, अल्कलिनिटी म्हणजे त्यामागची शिल्लक. आम्ल घातलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यात आहे तोवर पीएच पेन ५.८ दाखवतो. पाइपमधून पाणी पडत राहिलं की वायू उडतो आणि पीएच वर येतो. शिवाय उन्हाळ्यात दिवसाला ८-१० लिटर भर घालत असाल, तर त्या प्रत्येक लिटरसोबत नवी शिल्लक जमा होते. लिंबूसत्वाची आणखी एक भानगड: जिवाणू ते खाऊन टाकतात. पीएच परत वर, आणि पाइपमध्ये बुळबुळीत थर.

हिशोब सोपा आहे. अल्कलिनिटी भागिले ५० = मिलिइक्विव्हॅलंट. ३२० ÷ ५० = ६.४. साधारण १ शिल्लक ठेवायचं (म्हणजे पीएच एकदम कोसळत नाही), ५.४ मारायचं. १०० लिटरला ५४०. ८५ टक्के फॉस्फरिक आम्लाच्या एका मिलीत सुमारे १४.७, ६० टक्के नायट्रिकच्या एका मिलीत सुमारे १३.

एवढी अल्कलिनिटी निव्वळ फॉस्फरिकने मारायची तर १०० लिटरला जवळपास ३७ मिली लागेल आणि फॉस्फरस १६५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) पुढे जाईल. पालेभाजीला ३०-५० पुरतो. उरलेला परत कॅल्शियमला धरून खाली बसणार. नायट्रिकने ४१ मिली लागेल आणि ७५ पीपीएम नायट्रेट-नत्र फुकट मिळेल. पॉलीहाउसवाले म्हणूनच नायट्रिक वापरतात आणि तेवढं नत्र खतातून वजा करतात. पण वाफा वाईट असतात. मुलं वावरतात त्या गच्चीवर तो कॅन ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ओलावा
नायट्रिक नकोच. आरओचं पाणी दिवसाला ६०-७० लिटर निघू शकतं. ते आणि पंपरूमचं पाणी मिसळलं तर?

खडकपाणी
तेच करा. दोन भाग आरओ, एक भाग पंपरूमचं (सॉफ्टनरच्या आधीचं). अल्कलिनिटी ११० च्या आसपास येईल, कॅल्शियम २८, मॅग्नेशियम १४, सोडियम १८. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात मॅग्नेशियम बऱ्यापैकी असतं, ते वाया कशाला घालवायचं.

आता मारायचे फक्त १.२ मिलिइक्विव्हॅलंट उरले. १०० लिटरला ८५ टक्के फॉस्फरिक ८ मिली. त्यातून फॉस्फरस मिळतो ३६-३७ पीपीएम, म्हणजे पिकाला हवा तेवढाच. मग वेगळं फॉस्फरसचं खत लागतच नाही.

१९:१९:१९ पाइपांसाठी बंद. त्यातल्या १९ टक्के नत्रापैकी साडेदहा टक्क्यांपर्यंत युरियाचं असतं. मातीत त्याचं रूपांतर होतं, पाइपमध्ये पुरेसं होत नाही. युरियावर विद्युतभार नाही, त्यामुळे ईसी पेनाला तो दिसतही नाही. वाचन बघून खत कमी पडलं म्हणून माणूस आणखी घालत बसतो.

१०० लिटरला:
कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम
१३:००:४५ ४५ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम
डीटीपीए आयर्न (११ टक्के) १.८ ग्रॅम
सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या मात्रेने. त्यात लोह असेल तर तेवढं वरून वजा.

यातून नत्र १५०, पालाश (मूलद्रव्य म्हणून) १६८, कॅल्शियम १४०, मॅग्नेशियम ३३ पीपीएम, पाण्यातलं धरून. ईसी १.५ ते १.७ मध्ये यावा. एप्रिल-मे मध्ये सगळं पाऊणपट करा.

क्रम महत्त्वाचा. टाकीत ९० लिटर मिश्र पाणी घ्या. आम्ल आधी लिटरभर पाण्यात घाला (पाण्यात आम्ल, उलटं कधीही नाही, हातमोजे आणि चष्मा), मग टाकीत. एअरस्टोन लावून रात्रभर बुडबुडे सोडा. सकाळी पीएच बघा. ६.२ च्या वर असेल तर अर्धा-अर्धा मिली आम्ल आणखी. मग मॅग्नेशियम सल्फेट, १३:००:४५, आयर्न, सूक्ष्म, प्रत्येक वेगळ्या तांब्याभर पाण्यात विरघळवून. कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी, तेही वेगळं विरघळवून, ढवळत ढवळत. नंतर १०० लिटरपर्यंत भरा.

पंपरूममधून पाणी वाहून आणण्याचा कंटाळा येत असेल तर निव्वळ आरओवर: कॅल्शियम नायट्रेट ७५, १३:००:४५ ३३, ००:५२:३४ १६, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम. आम्ल बहुतेक लागणार नाही. मात्र या पाण्याला शिल्लक जवळजवळ नसते, पीएच दोन्हीकडे झोके घेतो, तेव्हा रोज बघा.

पानवेल
टँकरचं पाणी येतं म्हणालात, म्हणून: लॅबचा रिपोर्ट त्या दिवसापुरता. मत्स्यालयाच्या दुकानात केएच किट (अल्कलिनिटी मोजायचं) मिळतं. नळीत ५ मिली पाणी घेऊन थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे १ अंश, म्हणजे १७.९ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. तुमच्या बोअरला १८ थेंब लागतील, मिश्रणाला ६. नवा टँकर आला की मोजा आणि आरओचं प्रमाण त्यावरून ठरवा. टीडीएस पेन यातलं काहीही सांगत नाही, तुमच्या सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर तो जवळजवळ तोच आकडा दाखवेल.

पीएच पेन ६.८६ आणि ४.०१ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) जुळवून घ्या, महिन्यातून दोनदा तरी. आणि पहिल्यांदा टाकी भरण्याआधी बाटलीत करून बघा: १ लिटर मिश्र पाणी, वरच्या मात्रेचा शंभरावा भाग, त्याच क्रमाने. दोन तासांनी बाटली काळ्या कापडासमोर धरा. धुरकट दिसली तर अल्कलिनिटी अजून जास्त आहे किंवा आम्ल कमी पडलंय.

आरओचं फेकलेलं पाणी भर घालायला वापरू नका, सगळं त्यात दुप्पट-दीडपट होऊन आलेलं असतं. पावसाळ्यात मात्र चैन आहे: १० चौरस मीटर पत्र्यावर १० मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर. पहिली सर वाहून जाऊ द्या.

ओलावा
आत्ता टाकीत जे आहे त्याचं काय करू? आणि पाइपमध्ये पांढरा थर आहे.

खडकपाणी
वाचवायला जाऊ नका. साका परत विरघळवण्याइतकं आम्ल घातलं तर मुळं जातील. खत म्हणून वाया घालवायचं नसेल तर सोसायटीच्या नारळाला घाला, त्याला मीठ सोसतं. कढीपत्त्याच्या नि तुळशीच्या कुंडीत नको, तिथे सोडियम साठेल.

थरासाठी तुमचं लिंबूसत्व कामाला येईल. झाडं काढून बादलीत ठेवा, लिटरला १० ग्रॅम घालून दोन तास पंप चालवा, मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढा. पंपाची जाळी सोडवून वेगळी भिजवा, सगळ्यात जास्त थर तिथेच असतो.