मदत हवी आहे : उसासाठी एकामागे एक ट्रॉल्या जोडण्यातला धोका, कायदा आणि विमा

सर्वांना नमस्कार.

आम्ही वाळवा तालुक्यातील (जि. सांगली) शेतकरी. घरचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर गेले काही हंगाम ऊस वाहतुकीवर असतो. आजवर आम्ही एकच ट्रॉली ओढत आलो; मात्र येत्या गळीत हंगामासाठी ज्या कारखान्याशी वाहतुकीचा करार होणार आहे, तिथे दोन ट्रॉल्यांच्या जोडीलाच पसंती आहे. म्हणून वडिलांनी शेजारच्या गावातील एक वापरलेली ट्रॉली पाहून ठेवली आहे. तिचा विसार देण्याआधी या विषयातील जाणकारांचे मत घ्यावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

दोन ट्रॉल्या का, हे ऊसपट्ट्यातील वाचकांना सांगायला नको. तोडणी टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडून घ्यायची असते, कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागायला कधीकधी अख्खी रात्र जाते, आणि एका खेपेला दुप्पट ऊस गेला तरी डिझेल मात्र दुप्पट लागत नाही. वाहतूकदाराचा सगळा हिशेब टनावर असल्यामुळे दुसरी ट्रॉली ही हौस नाही, हे मला मान्य आहे. तरीही ती ट्रॉली जवळून पाहिल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही.

पुढच्या ट्रॉलीच्या मागील हुकात जी पिन बसते, तिचे भोक झिजून लांबट झाले आहे. पिन वर उडून निघू नये म्हणून तिच्या टोकाला जी क्लिप असायला हवी, तिच्या जागी बांधकामाची तार पिळून घातलेली आहे. ट्रॉली जिने ओढली जाते त्या दांडीला साखळी नाही. दोन्हींपैकी एकाही ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीच्या दिव्यांपर्यंत वायर जाते आणि तिथेच संपते, त्यामुळे सर्वांत मागची ट्रॉली रात्री पूर्ण अंधारात असते. विकणाऱ्याचे म्हणणे असे की, ‘सगळ्यांच्या अशाच असतात.’ ते खरे असेलही, पण त्याने माझे समाधान होत नाही.

आमचा रस्ता असा : फडातून पाणंद, मग ओढ्याकडे जाणारा एक तीव्र उतार, त्यानंतर पेठ-सांगली रस्ता. काही खेपांना पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्यावरूनही जावे लागते, आणि सहापदरीकरणाच्या कामामुळे तिथली वळणे आज एका जागी तर उद्या दुसऱ्या जागी असतात. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास, ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि मागे दोन ट्रॉल्यांचा मिळून वीस टनांच्या घरातला बोजा. ओढ्याच्या उतारावर हा बोजा ट्रॅक्टरला ढकलू लागला तर चालकाच्या हातात नेमके काय उरते, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कायद्याचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडणे मुळात वैध आहे काय? दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी आणि विमा वेगवेगळा हवा काय? आमच्या चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे, तो पुरेसा ठरतो काय? आणि दुर्दैवाने अपघात झाला, तर विमा कंपनी ‘ट्रॅक्टर शेतीसाठी होता, तुम्ही भाड्याने ऊस ओढत होता’ असे सांगून हात वर करू शकते काय?

याला जोडूनच एक बाब. माझा चुलत भाऊ कराडला असतो. त्याचा विचार जुना दहा चाकी ट्रक घेऊन त्यामागे दोन ट्रेलर जोडण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर जातात, मग इथे काय अडचण आहे, असे तो विचारतो. त्याला समजावण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही, म्हणून तोही प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

कृपया अनुभवाने आणि माहितीने उत्तर द्यावे. ‘काही होत नाही, सगळे चालवतात’ अशी उत्तरे गावात भरपूर मिळाली आहेत.

प्रतिसाद १ (कराड; मोटार अपघात दाव्यांचे काम)

आपण विसार देण्याआधी विचारले, हे फार बरे केले. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे घटना घडून गेल्यानंतर येतात.

आधी कायद्याचे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 61 ट्रेलरच्या, म्हणजे आपल्या ट्रॉलीच्या, नोंदणीविषयी आहे. ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर, आणि एकाहून अधिक ट्रेलर असल्यास रांगेतील शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे एकापेक्षा जास्त ट्रेलर असू शकतात हे कायद्याने गृहीत धरले आहे. परंतु हे कलम कोणत्याही जोडीला सरसकट परवानगी देत नाही. प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र हवी, आणि तिच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे एकूण वजन लिहिले आहे त्यापेक्षा जास्त भरता येत नाही (कलम 113). 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाजूंच्या बाहेर लोंबत असतील, तर त्याचाही दंड याच कलमात वीस हजारांचा आहे. गावाकडे वजनापेक्षा या दुसऱ्या गोष्टीकडे अधिक दुर्लक्ष होते. मोटारसायकलस्वाराच्या तोंडावर नेमका तोच ऊस बसतो.

चालकाच्या परवान्याची आपली काळजी बऱ्याच अंशी दूर होण्यासारखी आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्या चालकाने मागे मालाचा ट्रेलर जोडला, एवढ्यानेच त्याचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात 2001 साली सांगितले आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, हे नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पक्के केले. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे वजन रिकाम्या ट्रॅक्टरचे धरतात.

खरी अडचण विम्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येनुसार कृषी ट्रॅक्टर हे ‘परिवहनेतर’ वाहन आहे, म्हणजे भाड्याच्या वाहतुकीचे वाहन नव्हे. घरचा ऊस नेणे वेगळे आणि हंगामभर दुसऱ्यांचा ऊस टनाच्या दराने ओढणे वेगळे. आपली पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग शब्दशः वाचा. दोन्ही ट्रॉल्यांचे क्रमांक पॉलिसीत लिहिलेले आहेत काय आणि त्यांचा हप्ता भरला आहे काय, हेही तपासा. अटींचा भंग झालेल्या अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण विमा कंपनीला सांगते की, आधी पीडितांना भरपाई द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. त्या ‘मालकाकडून’मध्ये आपले शेत येते. म्हणून प्रत्यक्ष वापर काय आहे हे विमा कंपनीला आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवून, त्यांचे उत्तर लेखीच घ्या.

प्रतिसाद २ (पलूस, ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्ती)

वरच्या प्रतिसादात कायदा आला आहे, मी लोखंडाचे सांगतो.

ते लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून घेऊ नका, पूर्ण हुकच बदला. भोक सैल असले की प्रत्येक धक्क्याला दांडी मागेपुढे आदळते आणि पिनेला तडा जातो. तो वरून दिसत नाही. पिनेला क्लिप हवीच. दोन्ही दांड्यांना साखळी हवी, आणि ती दांडीखालून फुलीसारखी ओलांडून बांधलेली हवी, म्हणजे पिन गेली तरी दांडी जमिनीत रुतत नाही.

उतारावर काय उरते, असे आपण विचारले आहे. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर फारसे काही उरत नाही. ट्रॅक्टरचे मागचे टायर घासत पुढे सरकतात, बोजा मागून रेटत राहतो, आणि ट्रॅक्टर थोडा जरी तिरका असला तरी तो ट्रॉलीच्या दांडीवर मुडपतो. दोन ट्रॉल्या असल्या की मुडपायच्या जागाही दोन होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारा चालक ठेवूच नका. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन वेगळी पायडले असतात. शेतात वळायला ती सोयीची, पण रस्त्यावर दोन्हींना जोडणारी खिट्टी लावलेलीच हवी. वेगात एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांची ही खिट्टी गंजून अडकलेली असते, म्हणजे ती कधी लावलेलीच नसते.

चढावर उलटा प्रकार होतो : बोजा मागे खेचतो आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. दांडी ठरलेल्या हुकापेक्षा वर जोडली तर हे आणखी लवकर होते.

दिव्यांसाठी पहिल्या ट्रॉलीच्या मागे सात पिनी सॉकेट बसवून दुसरीपर्यंत वायर न्या. खर्च किरकोळ आहे. रिफ्लेक्टर पट्टी मागे लाल आणि बाजूंना पिवळी लागते, आणि ती उसाच्या वाढ्यांखाली (शेंड्याच्या पाल्याखाली) झाकली जाणार नाही अशा उंचीवर लावा. पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यातच टाकून जायची आपल्याकडे वाईट सवय आहे, आणि त्या दगडांवर रात्री मोटारसायकली आदळतात. दगडांऐवजी चाकाला लावायचा लाकडी ठोकळा दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवा. आणि चालकाने मोठ्या आवाजात गाणी लावली, तर मागच्या गाडीचा हॉर्न आणि पिनेचा खडखडाट, दोन्ही त्याला ऐकू येत नाहीत.

आपल्या बंधूंना सांगा की ऑस्ट्रेलियातील त्या गाड्यांच्या प्रत्येक ट्रेलरला स्वतंत्र हवेचे ब्रेक असतात आणि त्या ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच धावतात. अमेरिकेतही दोन-तीन ट्रेलर ओढायला परवान्यावर वेगळी नोंद लागते. ट्रक जरा बाजूला घेतला की शेवटच्या ट्रेलरचा झोल पुढच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून हे सारे नियम आहेत. आपल्याकडे ट्रक-ट्रेलर जोडीची लांबी साधारण 18 मीटरच्या घरातच बांधलेली आहे. दहा चाकी ट्रकच नऊ-दहा मीटरचा असतो, तर मागे दोन ट्रेलर बसवणार कुठे? त्यातून गावच्या वर्कशॉपमध्ये ट्रकच्या चॅसीला हुक जोडणे म्हणजे नोंदणीकृत वाहनात विनापरवाना बदल करणे आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी पॉलिसी काढून पाहिली. पहिल्या ट्रॉलीचा क्रमांक त्यात आहे, परंतु वापराच्या रकान्यात फक्त कृषी काम लिहिलेले आहे. विमा कंपनीला आणि परिवहन कार्यालयाला द्यायचे पत्र लिहीत आहे. ती वापरलेली ट्रॉली घ्यायची नाही, असे वडिलांनी मान्य केले. चुलत भावाशी फोनवर बोललो. लांबीचा हिशेब त्याला पटला आहे.

आता एकच विचारायचे राहिले. नवी ट्रॉली घ्यायची झाल्यास हवेचा ब्रेक असलेली घ्यावी, की ट्रॉली पुढे सरकताच दांडीच्या दाबाने आपोआप लागणारा ब्रेक आमच्या ओढ्याच्या उताराला पुरेल? हवेच्या ब्रेकसाठी पन्नास अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून घेतलेला कोणी आमच्या भागात असल्यास, येऊन प्रत्यक्ष पाहण्याची माझी तयारी आहे.