‘खातरजमा’ काढून टाका म्हणे!

उत्तरेश्वरकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘सूचनांमधला “खातरजमा करावी” हा फारसी कचरा काढा, “सुनिश्चित करावे” लिहा.’ रात्रभर डोक्यात भुंगा. अहो, ही दोन वेगळी कामं आहेत! ‘गॅस बंद असल्याची खात्री करा’ म्हणजे उठा, बटणाला हात लावून बघा. ‘सुनिश्चित करा’ म्हणजे तो बंद राहील अशी व्यवस्था करा. एक बघायचं, दुसरं करायचं. आणि हे ‘सुनिश्चित करना’ हिंदी परिपत्रकातून उचललेलं, त्याचा विटाळ नाही वाटत? खातिर म्हणजे मन, जमा म्हणजे गोळा. मन ठिकाणावर येईपर्यंत चौकशी करायची, ती खातरजमा.

शुद्धमती: तो ‘कुणीतरी’ मीच. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशाला? आणि जुन्या पत्रांत ‘खातरजमा ठेवणे’ म्हणजे निश्चिंत राहणे. त्यात चौकशी तुम्ही घुसडलीत, याची मला पूर्ण खात्री आहे.

गंगावेस पैलवान: खात्री? ती पण त्याच खातिरची लेक की वो! 😂

शुद्धमती: टायपिंगच्या ओघात आलं. विषयावर बोला.

चिखलीकर: 2019 चा ऑगस्ट. रात्री मेसेज, ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे पंचगंगेचं पाणी पात्र सोडून आमच्या गावाकडं वळलं. आबा म्हणाले, खात्री कर. तिघांना फोन लावले, तिघांनी मला तोच मेसेज वाचून दाखवला! शेवटी आबा बॅटरी घेऊन गोठ्यामागं गेले, पाण्याच्या कडेला काठी रोवली, चुन्यानं खूण केली. तासाभरात पाणी खुणेच्या चार बोटं वर. म्हशी सोडल्या. फोन केले ती चौकशी, काठी रोवली ती खातरजमा. सुनिश्चित काय करणार, नदीला सांगणार?

शिरोळचा भूमिपुत्र: नदीला नको, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला सांगा. 519.60 मीटरपर्यंत पाणी अडवतात, वर आणि उंची वाढवायची म्हणतात. नरसोबाच्या वाडीत देवळात पाणी येतं ते उगच?

मार्केटयार्ड: वाडीत दक्षिणद्वार, म्हणजे पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडणं, धरण नव्हतं तेव्हापण व्हायचं. अलमट्टीनंच पूर येतो याची खातरजमा केली कुणी? 2019 च्या पुराचा अभ्यास करणारी वडनेरे समिती तर नाही म्हणाली.

शिरोळचा भूमिपुत्र: समितीच्या घरात चिखल शिरला नव्हता. आमच्या भिंतीवर खुणा आहेत, येऊन बघा.

मार्केटयार्ड: भिंतीवर पाणी दिसतं भावा, कुठनं आलं ते नाही दिसत. पुराचं पाणी अडवणाऱ्या हायवेच्या भरावाबद्दल का गप्प?

शिरोळचा भूमिपुत्र: पंचगंगेची 43 फुटाला तुमच्याकडं कोल्हापुरात धोका पातळी, तुम्ही पुलावर सेल्फी काढता. आम्हाला शिकवू नका!

उत्तरेश्वरकर: धागा क्रियापदाचा आहे हो…

शुद्धमती: असू दे. काठीसाठी ‘खातरजमा’ ठेवा, उपकार समजा. पण गॅसच्या वाक्याचं पटलेलं नाही. आमच्या घरी ‘खात्री कर’ म्हटलं की चालू असला तर बंदही करतात, नुसतं बघून परत येत नाहीत.

उत्तरेश्वरकर: …हं. हे खरंय.

चिखलीकर: आबांना सगळं वाचून दाखवलं. विचारालेत, ‘हे सुनिश्चित कुठलं धरण म्हणायचं?’