मदत हवी आहे: द्राक्षबागेवर आलेल्या मजुरांच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळा कशी मिळवून द्यावी?

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. सध्या थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडची जोडपी कामाला आली आहेत आणि बांधाला ताडपत्रीची झोपडी टाकून राहतात. त्यातल्या एका घरातलं दीड-पावणेदोन वर्षांचं बाळ दिवसभर नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. दुपारी ती भाकरी पाण्यात कुस्करून त्याला भरवते. बाळ अजून धरूनच उभं राहतं. बहीण स्वतः गावाकडे चौथीत होती.

जवळच्या अंगणवाडीत विचारलं, तर नाव त्यांच्या गावी आहे, इथे आहार देता येत नाही म्हणाले. शाळेत बहिणीचा दाखला मागितला. सेविकेवर माझा राग नाही, तिला आहार मोजूनच येतो. पण म्हणून बाळाने हंगामभर उपाशी राहायचं, हे मला पटत नाही.

मी वाचलंय ते असं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा, भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. कलम 6 नुसार प्रत्येक मुलाला जगण्याचा हक्क आहे, आणि ते तगावं, त्याचा विकास व्हावा यासाठी सरकारने शक्य तितकं सगळं करायचं आहे. म्हणजे मूल नुसतं जिवंत असून भागत नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा कायदा 2013 सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार देतो. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 तर स्पष्टच सांगतं: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आता माझे प्रश्न. अर्जात कराराचं कलम 6 लिहिलं तर त्याला वजन येतं का? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविषयीच्या विशाखा खटल्यात (1997) सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला होता, म्हणून विचारतोय. अर्ज आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावा, की थेट राज्य बालहक्क आयोगाला? 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायला मन धजत नाही. मुलांना आई-बापापासून कुणी हलवू नये, एवढीच भीती आहे. त्यांना हवंय ते जेवण आणि वर्ग.

हे कुटुंब आमच्या बागेत राहतं, असं मामा सहीनिशी लिहून द्यायला तयार आहेत. तेवढं पुरेल का? कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना टाका. थिनिंग उरकलं की ही मंडळी पुढच्या बागेवर जातील, म्हणून घाई आहे.