नोकरीसाठी गोव्याबाहेर जाताना आरतीचे पथक आणि रोजची मित्रमंडळी यांचे काय करावे?

अंत्रुजकर

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात काम करतो. पुण्याजवळच्या एका कंपनीत मला वरच्या पदावर घेतले असून पावसाळ्याच्या तोंडावर तिकडे रुजू व्हायचे आहे. पगार, कामाचे स्वरूप, भाड्याचे घर यांबद्दल मला काही विचारायचे नाही. तो निर्णय घरच्यांनी मिळून केव्हाच घेतला आहे. अडचण आहे ती मागे सुटणाऱ्या गोष्टींची.

आमच्या वाड्यावर घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या कातडे ताणलेल्या मडक्याच्या वाद्याच्या साथीने आरत्या म्हणणारे पथक आहे आणि शाळेत असल्यापासून मी त्यात शामेळ हे काड्यांनी वाजवायचे तालवाद्य वाजवतो. श्रावण लागला की शनिवारी रात्री देवळाच्या सभामंडपात सराव सुरू होतो, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, रात्री आम्ही एकेक घर घेत निघतो ते शेवटच्या घरची आरती होईपर्यंत उजाडायला आलेले असते. याच पथकातले आम्ही चौघे सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिस्क नाक्यावरच्या एका हॉटेलात भेटतो. मिक्स भाजी, पाव आणि चहा एवढेच खाणे; बोलणेही फारसे महत्त्वाचे नसते, परंतु कोणाच्या आईला इस्पितळात नेले, कोणाचे भावाशी बिनसले, हे तिथेच कळते.

माझा प्रश्न असा, की पथकातली जागा राखून केवळ चवथीला येत राहावे, की रीतसर बाजूला व्हावे? आणि सकाळच्या त्या बैठकीतली मैत्री दुरून टिकते का? ज्यांनी असे गाव सोडले आहे त्यांनी धीर देण्यापेक्षा प्रत्यक्षात काय घडले ते लिहावे, ही विनंती.

डिचोलीची लेक

लग्न होऊन नव्हे, तर नोकरीसाठी मी डिचोलीहून पुण्याला आले, हे आधी सांगते, कारण बाईने गाव सोडले की लोक पहिले तेच गृहीत धरतात.

माझ्या अनुभवाप्रमाणे वर्षातून एकदा येणारे टिकते आणि रोजचे सुटते. समोरासमोर बसलेल्या माणसांना सांगण्यासारखे काही नसले तरी चालते. फोन करायला मात्र निमित्त लागते, आणि निमित्त सापडले नाही की फोन उद्यावर जातो. व्हॉट्सॲपवरचा गट पहिले काही महिने गजबजलेला असतो, पुढे त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या उरतात. माझ्या बाबतीत एकच मैत्रीण पूर्वीइतकी जवळ राहिली. रविवारी सकाळी ती तिकडे मासळी साफ करत असते आणि मी इकडे कपडे वाळत घालत असते, तेव्हा आम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलतो. बोलायला विषय असावाच लागत नाही, मध्येच ती नळ बंद करायला उठते, मी दार उघडायला जाते आणि फोन तसाच चालू राहतो. तुम्हा चौघांना सकाळची वेळ जमण्यासारखी आहे, कारण ते हॉटेलात असतील तेव्हा तुम्ही कंपनीच्या बसमध्ये असाल. मात्र हे पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. सवय मोडल्यानंतर पुन्हा लावायला गेलात तर दोन्हीकडे संकोच वाटतो.

चवथीचे मात्र आत्ताच ठरवायला हवे. गोव्यात चवथीची सार्वजनिक सुट्टी दोन दिवसांची असते, तर पुण्यातील पुष्कळ खासगी कंपन्यांत ती एकच दिवस मिळते, आणि प्रोबेशनच्या काळात सलग रजा मागायला माणूस कचरतो. नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वीच त्या आठवड्याची रजा ईमेलने मागून घ्यावी. त्या वेळी कंपनीला तुम्ही हवे असता, त्यामुळे सहसा नकार येत नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षणही नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा ती तारीख डोक्यात ठेवावी लागते.

जुना घुमटवाला

मी गाव सोडले नाही, त्यामुळे मागे राहणाऱ्यांची बाजू लिहितो, जी अशा चर्चांत सहसा कोणी मांडत नाही.

तुमच्या प्रश्नातील पहिल्या भागाला माझे स्पष्ट उत्तर आहे: रीतसर बाजूला व्हा. ‘जमेल तसा येईन’ हे वाक्य बोलणाऱ्याला प्रेमाचे वाटते, पण ऐकणाऱ्यांची त्याने पंचाईत होते. भिडेखातर कोणी दुसऱ्याला त्या जागी बसवत नाही, सरावाला कोणीतरी तात्पुरता ठोका धरतो, आणि ऐन चवथीला तुमची बस घाटात अडकल्याचा फोन येतो. घुमटवाला एक कमी असला तर निभावते. शामेळाचे तसे नाही. काड्यांचा ठोका पुढेमागे झाला की घुमटे आणि कासाळे (झांजा) सगळीच विस्कटतात आणि म्हणणारा कडवे मध्येच सोडतो. राज्य सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिल्यानंतर आमच्याकडची पोरे घुमट मागून घेऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु शामेळाच्या काड्या हातात घ्यायला अजूनही कोणी आपणहून पुढे येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी तुम्हीच एक मुलगा निवडा. श्रावणाची वाट न पाहता त्याला आतापासून शेजारी बसवा, आणि निघण्याआधीच्या काही बैठकींत तुम्ही घुमट घेऊन त्याला शामेळ द्या, म्हणजे चुकला तर सावरायला तुम्ही तिथे असाल.

आणखी एक गोष्ट. इतकी वर्षे पथकात असलेल्या माणसाकडे वाजवण्याखेरीजही बरीच कामे आपोआप आलेली असतात. आरत्यांची वही कोणाकडे असते? घुमटाचे मडके तडकले किंवा कातडे उतरले तर कोण धावतो? पूर्वी घुमटाला लावत त्या घोरपडीच्या कातड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बकऱ्याचे कातडे आणायचे कोठून आणि ते चांगले ताणून कोण देतो, हे एखाद्यालाच ठाऊक असते. तो एखादा तुम्ही असाल, तर माणसाची ओळख प्रत्यक्ष नेऊन करून द्या. नुसता फोन नंबर देऊन भागत नाही.

चवथीला तुम्ही अवश्य या. तुमच्या घरच्या आरतीला शामेळ तुम्हीच वाजवा, तो तुमचा मान आहे. इतर घरी त्या मुलाला वाजवू द्या.

पणजीतला कोल्हापूरकर

मी उलट दिशेने आलो आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. पणजीत रुजू झाल्यावर माझ्याबरोबरचा एक सहकारी दर शुक्रवारी संध्याकाळी बस पकडून गावी जात असे. त्याची जुनी मंडळी सुटली नाहीत हे खरे, परंतु पणजीत त्याला ओळखणारे ऑफिसाबाहेर कोणीही नव्हते, आणि तापाने आजारी पडला तेव्हा औषध आणून द्यायला घरमालकाला सांगावे लागले. डिचोलीच्या ताईंचे रविवारच्या फोनचे म्हणणे मला पटते. फक्त सगळे शनिवार-रविवार गावाला देऊ नयेत, एवढेच त्यात जोडतो.

शिवाय नव्या जागी जुन्याची नक्कल शोधत बसू नये. मी रंकाळ्यावरची संध्याकाळ इथल्या मिरामारच्या किनाऱ्यावर शोधत होतो, ती काही सापडली नाही. दुपारी दुकाने बंद असतात याचा राग मात्र बरेच दिवस करत राहिलो. पुण्यात भजनी मंडळे आणि ढोल-ताशा पथके भरपूर आहेत. ठोक्याला पक्क्या माणसाला तिथे जागा मिळेल. पण ती घुमट आरती नव्हे, हे धरूनच जावे.

अंत्रुजकर

सर्वांचे आभार. शामेळासाठी एक मुलगा माझ्या मनात आहे. दहावी होऊन नुकताच मोकळा झाला आहे आणि हात चांगला आहे, पण लाजाळू आहे. आरत्यांची वही माझ्याकडेच असते, हे घुमटवाल्या काकांनी बरोबर ओळखले. ती या शनिवारी देवळात नेऊन ठेवतो. सकाळच्या फोनचे मित्रांजवळ काढले, तर एकजण म्हणाला की पावात भाजी बुडवताना फोन कोण धरणार. तरीही करून पाहू असे ठरले आहे. चवथीला पुण्याहून रेल्वेने यावे की बसने, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

डिचोलीची लेक

गोवा एक्स्प्रेस पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा, कुळे करत मडगावला येते आणि तुम्हाला फोंड्याला जायला मडगावच जवळ पडेल. पावसाळ्यात त्या घाटात दरड कोसळली की गाडी रखडते, त्यामुळे मी येताना एक दिवस हाताशी ठेवून निघते आणि परतीला रात्रीची स्लीपर बस घेते. चवथीच्या दिवसांत बसचे भाडे भरमसाट वाढते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदमच काढा, आणि रजेचा ईमेल त्याच्याही आधी पाठवा.