पाकीट फोडायचं की कडधान्य भिजवायचं?

निवांत:
महिनाभर घरात तयार सूप, इन्स्टंट नूडल्स, गोड ब्रेकफास्ट सीरियल्स आणणं बंद केलंय. कडधान्यं, भाज्या, अंडी, फळं एवढंच. डोक्यात किडा सोडला तो अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगाने. २० माणसं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद छापाचं) अन्न, दोन आठवडे साधं. पुढ्यात येणाऱ्या कॅलरी, साखर, फायबर दोन्हीकडे सारखंच. हवं तितकं खा. तरी पाकीटवाल्या आठवड्यांत लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि वजन जवळपास एक किलोने वाढलं. घरात नसेल तर खाल्लं जात नाही, इतकं सोपं आहे. पटतंय?

उलटतपासणी:
नाही. कडधान्यं भिजवली कोणी? शिजवली कोणी? भांडी कोणी घासली? "आम्ही सगळं ताजं करतो" मधलं "आम्ही" बहुतेक घरांत एकच माणूस असतो. शिवाय त्या प्रयोगातली माणसं चार आठवडे प्रयोग करणाऱ्या संस्थेतच राहत होती, जेवण आयतं समोर येत होतं. रात्री आठला कामावरून परतणाऱ्याला ते काय कामाचं?

निवांत:
भिजवतो मीच. भांड्यांचं... बघतो.

मोजूनमापून:
दोघंही "पाकीट" या एका शब्दावर भांडताय. गोठवलेले मटारही पाकिटातच येतात की. काढणीनंतर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवतात, म्हणून फ्रीजच्या तळाशी आठवडाभर सुकणाऱ्या "ताज्या" भाजीपेक्षा पुष्कळदा सरस. विकतचा डबाबंद राजमा शिजूनच येतो, कच्चट राहून पोट बिघडायची भीती नाही. खारट वाटला तर पाण्याखाली धुवा, बरंच मीठ जातं. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांचं 'नोव्हा' वर्गीकरण अन्नाला प्रक्रियेनुसार चार गटांत विभागतं; त्यातही साधे मटार आणि मिठाच्या पाण्यातला राजमा अतिप्रक्रियेच्या चौथ्या गटात येत नाहीत.

उलटतपासणी:
मटारांचं मान्य. पण नोव्हा डोळे झाकून नको. कारखान्यातल्या अख्ख्या गव्हाच्या पावात इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) पडला की तो थेट कोलाच्या शेजारी जाऊन बसतो. दोन्ही सारखेच वाईट कसे?

निवांत:
पावाला सूट. सूपला नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पाकिटामागचा आकडा वाचून बघा, एका वाडग्यातच किती संपतं ते. मटार आणि राजमा परत आणतो.

उलटतपासणी:
आणि भांडी?