‘सगळी ३२० मध्ये’ : अहिराणी गाण्यांची ती झिप पुढे पाठवण्याआधी

तापीकाठ
काल या ग्रुपवर एक पोस्ट पडली : "जुनी-नवी अहिराणी गाणी, लग्नाची, कानबाई देवीची, सगळी ३२० मध्ये. एकच झिप, १.८ जीबी. उतरवा, पुढे पाठवा, आपली भाषा वाचवा." ‘३२०’ म्हणजे ३२० केबीपीएस, एमपी३चा सगळ्यात वरचा दर्जा. खाली अंगठेच अंगठे.

झिप उघडून पाहा. ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘नवीन डीजे मिक्स’. गायकाचं नाव नाही, गीतकाराचं नाही, कंपनी नाही, साल नाही. टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीत, गायकाच्या जागी कुठल्याशा डाउनलोड साइटचं नाव. उद्या कुणाला विचारावंसं वाटलं की ही ओवी कुठल्या गावची, कोण म्हणतंय, तर सांगणार कोण? भाषा वाचवायची तर आधी माणसांची नावं वाचवा.

दुसरं, त्यातली बरीच गाणी आजच्या गायकांची आहेत. ती त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर फुकट ऐकायला आहेत. तिथे ऐकली तर चार पैसे त्यांना मिळतात, झिपमधून ऐकली तर शून्य. लिंक द्या ना!

सातपुड्याचा_वारा
लिंक द्या म्हणणं जळगावात बसून सोपं आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. १२८ केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी. पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी, एकदा मेमरी कार्डात टाकलं की कितीही वेळा वाजवा. तेच यूट्यूबवर ४८० पीमध्ये पाहिलं तर दर वेळी २०-३० एमबी. यूट्यूबचं ‘ऑफलाइन’ त्याच ॲपात अडकून राहतं, स्पीकरच्या कार्डात जात नाही. पावरी आणि भिली गाणीही अशीच कार्डावरून कार्डावर फिरली. फाइल वाटणं बंद केलंत तर तिथे गाणंच बंद होईल.

चोपडा_नाका
भावना बाजूला ठेवा, कायदा बघा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९८५ ची कॅसेट २०४५ संपेपर्यंत कुणाची तरी मालमत्ता आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. कानबाईचं गाणं परंपरेचं असेल, पण ते म्हणून ठेवलेली टेप परंपरेची नाही. आणि "लग्नात वाजवायला परवानगी लागत नाही" हे कुणी पुढे करू नये. ती सवलत कलम ५२(१)(झेडए) ची. हळदीत, वरातीत वाजवण्यापुरती. प्रती काढून गावभर वाटण्याला ती लागू नाही.

पांझराकाठ_साउंड
चोरी की सेवा हे तुम्ही ठरवा. माझा राग त्या ‘३२०’ वर आहे. हाई ३२० नई शे भो! यूट्यूबवरून ओढलेला आवाज मुळात एएसी या प्रकारात १२८ च्या आसपास किंवा ओपस या प्रकारात १६० च्या आसपास असतो. तो कन्व्हर्टरमध्ये घालून ३२० चं एमपी३ केलं की फाइल अडीचपट फुगते, गेलेला आवाज परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबल्यामुळे अजून बिघडतो. झांज, टाळ, संबळाची काठी नुसती फसफसते. फोनवर कळत नाही. हळदीला मोठ्या स्पीकरच्या टॉपवर लावा, मग कळतं, आणि शिव्या साउंडवाल्याला.

तपासणं सोपं आहे. ‘स्पेक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका, आवाज किती उंच सुरांपर्यंत जातो याचं चित्र दिसतं. खऱ्या ३२० चं चित्र २० किलोहर्ट्झपर्यंत चढतं. १६ वर कापलेलं दिसलं की समजा, १२८ ला फेटा बांधलाय.

अहिराणी_प्रेमी
झिप मीच टाकली. साहेब, त्यातली अर्धी गाणी कॅसेटवरून उतरवलेली आहेत. कॅसेटमध्ये १६ च्या वर असतं तरी काय? तुमच्या स्पेकला सगळंच खोटं दिसणार. मशीन दाखवून लोकांच्या मेहनतीला नावं ठेवू नका.

पांझराकाठ_साउंड
मेहनतीला नाही, लेबलला नावं ठेवतोय. पण कॅसेटचा मुद्दा बरोबर, तो मी सोडून बोललो. तिथे कापण्याची रीत पाहायची. टेपचा आवाज आणि तिची सूं-सूं वर जाताना हळूहळू विरते. एमपी३ची कात्री चालली असेल तर १६ वर पट्टीनं आखल्यासारखी आडवी रेघ दिसते. तुमच्या झिपमधल्या कॅसेटच्या गाण्यांतही ती रेघ आहे. म्हणजे कॅसेट थेट उतरवलेली नाही, कुणीतरी आधी १२८ करून ठेवलेलं तुम्ही ३२० केलंय.

यावल_रोड
मग थेट उतरवायची कशी तेही सांगा, नुसते दोष काय काढता?

पांझराकाठ_साउंड
सांगतो. आधी डेकचं हेड आणि रबरी रोलर साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीनं. कॅसेटच्या पट्टीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळालाय का बघा. तो नसला तर टेप हेडला टेकत नाही, आवाज येतो-जातो. दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. डेकच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये. माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा अझिमथचा (हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा) स्क्रू कानानं जुळवा, ट्रेबल उघडेल तिथे थांबा. नॉइज रिडक्शन फार मारू नका, बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात आवाज काहीच गमावत नाही, आणि वाटायला त्यातूनच एमपी३ काढा. एमपी३तून पुन्हा एमपी३ कधीच नाही.

चोपडा_नाका
छान. म्हणजे बेकायदा प्रत चांगल्या दर्जाची कशी काढायची याची शिकवणी झाली.

सातपुड्याचा_वारा
२०४५ पर्यंत ती टेप टिकणार आहे का? बुरशी लागते, चिकटते, तुटते. कंपनी बुडाली, मालक कोण ते ठाऊक नाही, अशा वेळी उतरवून ठेवणारा चोर कसा? कायद्यात खासगी वापराला जागा आहे, तीही सांगा की.

चोपडा_नाका
आहे, कलम ५२ मध्ये. घरी उतरवून ठेवण्यावर मी भांडणार नाही. मालक सापडत नसेल तर कलम ३१अ खाली परवाना मागायची सोयही आहे, आधी वर्तमानपत्रात नोटीस देऊन. पण १.८ जीबीची झिप ग्रुपवर टाकून "पुढे पाठवा" म्हणणं खासगी नव्हे.

यावल_रोड
पाठवापाठवीचं निघालंच आहे तर, गाण्याच्या नावाखाली शेवटी .एपीके असलेली, म्हणजे ॲप बसवणारी फाइल आली तर हात लावू नका. लग्नपत्रिकेच्या नावानंही याच फाइली फिरतात. गाणं किंवा पत्रिका कधी ‘इन्स्टॉल’ मागत नाही. तो एसएमएस वाचणारा प्रोग्राम असतो, ओटीपी त्यातूनच जातात.

अहिराणी_प्रेमी
मान्य. पण टॅगचं काय? देवनागरीत नाव घातलं की गाडीच्या जुन्या स्टीरिओवर चौकोन दिसतात. म्हणूनच ‘ट्रॅक ०१’ ठेवलं होतं.

तापीकाठ
म्हणून नावच पुसायचं? फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा, टॅगमध्ये देवनागरी. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल : गाणं, गायक, गीतकार, कंपनी, कॅसेटवरचं साल, कुणाकडून मिळाली. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, जुने स्टीरिओ एक्सफॅट वाचत नाहीत. फाइली एकेक करून क्रमानं कॉपी करा, कारण बरेच स्टीरिओ नावाच्या नव्हे, कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतात.

आणि आजच्या गायकांची गाणी काढा. यावर मी हटणार नाही.

अहिराणी_प्रेमी
ज्यांचं स्वतःचं चॅनल आहे त्यांची काढतो, जागी लिंक देतो. कॅसेटची काढणार नाही, कायदा काहीही म्हणो. आवरणं हाती लागतील तशी नावं भरतो. ‘३२०’ हा शब्दही काढतो, झालं समाधान?

पांझराकाठ_साउंड
शब्द काढून भागणार नाही, त्या रेघवाल्या फाइली काढा. मूळ कॅसेट ज्याच्याकडे आहेत त्याचा पत्ता लावा, डेक मी देतो.